बांधावरचं धुतलेलं मडकं

शुक्रवार, ९ जानेवारी १९५३

डॉक्टरांनी आज सकाळी सांगितलं की रोज चार ओळी तरी लिहा, हाताचं वळण टिकेल. म्हणून ही वही. वरची तारीख पाहिली तर पहिलीतल्या मुलाने गिरवल्यासारखी दिसते. मी शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवतो.

काल संध्याकाळी आग्रा रोडवर धोंडीबा गेला.

धोंडीबा आमच्या शाळेचा शिपाई. संमेलनाच्या पडद्यासाठी बांबू बघायला आम्ही दोघं सायकलींवर माजिवड्याला निघालो होतो. तो पुढे, मी मागे. मान वळवून तो मला सांगत होता की बांबूवाला त्याच्या गावचा आहे, तुम्ही भावाचं बोलू नका, मी बोलतो. ‘मी बोलतो’ एवढं ऐकू आलं आणि लॉरी आली. ब्रेकचा आवाज नंतर आला. त्याच्या सायकलीची घंटी सुटून रस्त्यावरून घरंगळत माझ्या चाकापाशी येऊन पडली. ती मी उचलली आणि खिशात टाकली. का टाकली ते माहीत नाही.

मला खरचटलंसुद्धा नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

आज फळ्यावर वर्तुळ काढायला गेलो. इतकी वर्षं मी नुसत्या हाताने वर्तुळ काढत आलो. मुलं मागाहून कंपास लावून तपासतात आणि हरतात. आज हात असा थरथरला की अंडं निघालं, तेही फुटलेलं. वर्गात कोणी हसलं नाही. हसली असती पोरं तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून चहा दिला. चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, घाई नाही, पण सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षेला मुलं बसायची आहेत, जूनपर्यंत हात बसला नाही तर दुसरी व्यवस्था बघावी लागेल. चहाची बशी माझ्या हातात वाजत होती. ते दुसरीकडे बघत होते.

मंगळवार, २० जानेवारी

सायकलीवर बसू शकत नाही. मोटारीचा भोंगा ऐकला की पाय जागच्या जागी थिजतात. काल नौपाड्यात भर रस्त्यात असा उभा राहिलो तेव्हा मंदाकिनीने, माझ्या पत्नीने, हाताला धरून बाजूला घेतलं. आता ती मला शाळेपर्यंत पोचवायला येते. पन्नाशीच्या माणसाला.

आज टेंभी नाक्यावर नशाबंदी समितीची सभा होती. मी समितीचा चिटणीस, आणि ‘ताडी सोडा, नीरा प्या’ ही पाटी माझ्या हातची. ताडी हे विष आणि नीरा हे अमृत, दोन्ही एकाच झाडाची लेकरं, असं माझं भाषण ठरलेलं आहे. आज कागद हातात फडफडायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, “गुरुजी आधीच घेऊन आलेत वाटतं.” सगळे हसले. मी आयुष्यात ताडी प्यायलेलो नाही. खरं तर नीरासुद्धा नाही. ठाण्यात मिळते ती पहाटे, आणि माझी आंघोळ, संध्या, चहा, वर्तमानपत्र झाल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही.

रविवार, २५ जानेवारी

मधु सकाळी आठाला दारात सायकल घेऊन हजर. मधु माझा शाळेपासूनचा दोस्त, नौपाड्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. म्हणाला, “ऊठ. तुला असा रस्ता दाखवतो की जिथे मोटार जायची म्हटली तर पोहून जाईल.”

कळव्याच्या पुलापर्यंत सायकल हातात धरून चाललो. पुढे डोंगराच्या पायथ्याने मुंब्रा, आणि तिथून दिवा गावाच्या बाजूला खाडीच्या बांधावर चढलो. खारजमिनीच्या योजनेत सरकारने हा बांध नुकताच दुरुस्त केला आहे. वर मुरूम आणि बारीक खडी टाकून चांगला चोपला आहे. एका बाजूला भाताची कापलेली खाचरं, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, रुंद आणि संथ, भरतीच्या पाण्याने उलटी वाहणारी. चाकाखाली मुरूम करकरतो, तेवढाच आवाज. मी सायकलीवर बसलो. पहिल्यांदा पाय जमिनीला लावत लावत, मग सरळ. मधु मागे राहिला होता. पुढे कोणी नसलेलं मला बरं वाटलं.

डोंबिवलीच्या अलीकडे ताडांची राई आहे. दारूबंदी होण्याआधी इथे दारूच्या भट्टीवाल्यांना लाजवील अशी ताडीची विक्री होत असे. आता नीरावाल्यांच्या सहकारी संघाची पाटी आहे, ‘नीरा केंद्र’. भागीरथी नावाची बाई चालवते. तिचा नवरा गोमाजी झाडावर चढतो. दोघांचं पोट या परवान्यावर. भागीरथी म्हणाली, चाळीस झाडं होती, सरकारने बारा ठेवली, त्यातही एक मडकं चुकलं तर बाराही गेली.

मधुने पेला घेतला. मी मडक्यात डोकावलो तर आतून सगळा चुना लिंपलेला. भागीरथीला सांगितलं, बाई, मी पिईन, पण माझ्यापुरतं मडकं स्वच्छ घासून, चुना काढून ठेवत जा.

गोमाजी झाडावरून उतरत होता, तो म्हणाला, “चुना काढला तर ती खवळते, गुरुजी.”

मी त्याला जंतूंबद्दल थोडं समजावलं. आपल्या लोकांत असे समज फार. समितीच्या पत्रकात चुन्यासंबंधी काही आहे खरं, पण ते संघाच्या माणसांसाठी असावं. भागीरथीने माझ्याकडे नीट पाहिलं, मग मधुकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसली. “बरं. तुमच्यापुरतं धुतलेलं टांगीन. पन भायेर बोलू नका.” सगळे असंच मागायला लागले तर तिचं काम वाढेल, हे मला पटलं.

रविवार, १ फेब्रुवारी

आत्ताच परत आलो आणि लगेच लिहायला बसलो आहे. हे अक्षर बघा. हे माझं अक्षर आहे.

नऊच्या सुमारास राईत पोचलो. माझं मडकं वेगळं, करंजाच्या सावलीला टांगलेलं, घासून लाल केलेलं. नीरा फेसाळ, आंबटगोड, नाकात किंचित झिणझिणते. इतकी चवदार असते हे पत्रकात कोणी लिहिलं नाही. पुढच्या छपाईत सुचवलं पाहिजे. दोन पेले घेतले. मधुला दिली तर म्हणाला, “तुझं सोवळ्यातलं मडकं तुलाच लखलाभ. मी आपला चुन्यातला.”

पुढे बांधाने कल्याणच्या दिशेने निघालो. काय सांगू. पाण्यावरून येणारं वारं छातीत शिरलं आणि गेल्या महिन्याभरात तिथे बसलेलं काहीतरी उठून गेलं. अंगात ऊब आली. दुर्गाडीचा बुरूज दिसला तेव्हा मी गात होतो असं मधु म्हणतो. बांधावर बसून ताड काढला; बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकच रेघ, न उचलता. रेघ सरळ आली. मी मधुला ती दाखवली आणि मला रडू आलं. तो बराच वेळ रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, “नदीची हवा तुला फारच मानवली रे.”

बुधवार, ४ फेब्रुवारी

हात पुन्हा तसाच. गावात आलं की होतं.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज तीन पेले. गोमाजीने विचारलं, “गुरुजी, परतीला सांभाळून ना?” मी म्हटलं, अरे, या बांधावर मोटार कुठे आहे. तो मान हलवत झाडावर गेला.

नदीची दोन चित्रं झाली. घरी आल्यावर मंदाकिनीच्या आईच्या लग्नातली गोष्ट मी तिलाच पुन्हा सांगितली आणि आम्ही दोघं हसलो. ती मग जवळ आली, क्षणभर थांबली, आणि डब्यातला वेलदोडा माझ्या हातावर ठेवला. आता रविवारी सदऱ्याच्या खिशातही वेलदोडे ठेवीन. तिचं माहेर वसईचं. तिकडच्या बायका नवऱ्याचं फार बघतात.

गेल्या रविवारी रात्री झोप लागली. धोंडीबा दिसला नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

धोंडीबाचा भाऊ त्याची पेटी न्यायला शाळेत आला होता. मला म्हणाला, तुम्ही मागे होता ना, तो काही बोलला का? मी सांगितलं, बांबूचा भाव मी करतो म्हणाला. भावाने मान डोलावली. “तसाच होता,” म्हणाला. तो गेल्यावर मी चित्रकलेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पेन्सिल हातात राहीना. आता मी रविवारची वाट बघतो. पूर्वी असं कधी कशाची वाट बघितलेली मला आठवत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

समितीची बैठक. सभासद गळत चालले आहेत, भाषणांना माणसं येत नाहीत, असा रडका सूर. मी उभा राहिलो आणि मोकळेपणी सांगितलं की आपण नीरेचा प्रचार करतो पण तिचा अनुभव किती जणांना आहे? मी स्वतः दर रविवारी घेतो. अंगात काय बळ येतं, मन कसं हलकं होतं, हात कसा स्थिर होतो. सगळ्यांनी सायकली काढाव्यात आणि एकदा तरी बांधाने तिथे यावं. चांगली पाच मिनिटं बोललो. सगळे अगदी शांत झाले होते.

बंदोबस्ताला आलेले जमादार दाराशी उभे होते. मागाहून माझ्याकडे आले, कौतुकाने चौकशी केली. कोणतं केंद्र, किती वाजता जाता, कुठे टांगलेलं असतं. मी त्यांना कागदावर नकाशा काढून दिला. दिव्यापासून बांध, भरतीचं पाणी अडवणारं उघडीचं दार, राई, करंजाचं झाड. हात थरथरत होता तरी नकाशा चांगला साधला. ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्यासारखा माणूस हवा.”

मधुला हे सांगितलं तेव्हा त्याने हातातली सायकल भिंतीला लावली आणि मला म्हणाला, या रविवारी आपण नको जाऊया. का, तर त्याला काम आहे. मी म्हटलं, मग मी एकटा जाईन. तो म्हणाला, नको, येतो.

सोमवार, १६ मार्च

पाडवा. कालचा रविवार नेहमीसारखा गेला. गुढीला कडुलिंबाचा डहाळा बांधताना गाठ बसेना. मंदाकिनीने बांधली.

सोमवार, २३ मार्च

काल लिहू शकलो नाही. आज लिहितो आहे ते अक्षर कसं आहे याकडे बघणार नाही.

काल नेहमीसारखे नऊला राईपाशी पोचलो. खाली दोन शिपाई उभे होते आणि बांधावर जमादार. मला वाटलं, आले बिचारे अनुभव घ्यायला. मी लांबूनच हात केला.

जमादार म्हणाले, बरं झालं आलात, जप्तीला दोन प्रतिष्ठित पंच लागतात, इथे खाचरात कुठून आणायचे ही काळजी होती. मी विचारलं, कसली जप्ती? त्यांनी करंजाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

शिपायाने माझं मडकं उतरवून आणलं. बाकीची अकरा ओळीने मांडून तपासली होती, आतून पांढरी, बिनतक्रार. हे एकच लाल. जमादारांनी पेला भरला आणि माझ्या नाकाखाली धरला. “ओळखा.”

ओळखायचं काय. माझे सगळे रविवार त्या वासात होते. मुरूम करकरला, नदी दिसली, ताडाची रेघ दिसली.

“ताडी,” जमादार म्हणाले. “चांगली फुगलेली. चुना पुसला आणि उन्हं वर येईपर्यंत ठेवली की झालं काम. वर्षभर आम्ही हिच्यावर नजर ठेवून होतो, पण ठिकाण सापडत नव्हतं.” आणि त्यांनी कौतुकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी खाली बसलो. ताडी हे विष असं मी नाक्यावर उभा राहून किती वेळा म्हटलं असेन. ‘चुन्यामुळे नीरा आंबत नाही’ हे पत्रकातलं वाक्य मला तिथे, त्या धुळीत बसल्यावर, शब्दन्‌शब्द आठवलं. माझ्याच हाताने ते मी एका पाटीवर रंगवलं होतं.

भागीरथीला त्यांनी पुढे बोलावलं. मडकं कोणाचं? ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा गोमाजीकडे. गोमाजीने कमरेची कोयती काढून जमिनीवर ठेवली, जणू आता तिचं काम नाही. मग ती म्हणाली, “माझाच हाय.”

जमादारांनी पंचनामा लिहायला घेतला. लिहून झाल्यावर माझ्यापुढे धरला. सदर इसम भागीरथी हिच्या ताब्यात मिळून आलेलं, वगैरे. खाली दोन रेघा, सहीसाठी. मी टाक हातात घेतला. सही केली तर बारा झाडं गेली. टाक कागदावर टोचत राहिला आणि शाईचे ठिपके पडत राहिले.

मी म्हटलं, “मडकं माझं आहे.”

जमादार हसले. तुम्ही भले गृहस्थ, गुरुजी, पण यात पडू नका.

“चुना मी पुसला. मीच टांगून ठेवलं. मी दर रविवारी हे पितो.”

हे अगदी खरं नव्हतं. पुसला तिने. पण सांगितलं कोणी? भागीरथीने तोंड उघडलं तेव्हा मी तिला हाताने थांबवलं. जमादारांचं हसू विरलं. त्यांना बैठकीतलं माझं भाषण आठवलं असावं. माझ्याकडे, मग खिशातल्या नकाशाच्या घडीकडे, असं दोनदा बघितलं. म्हणाले, नुसतं म्हणून चालत नाही. प्यायला असाल तर डॉक्टर सांगतील. नसाल तर मी हिला नेणार आणि तुम्हाला खोटी साक्ष दिल्याबद्दल वेगळं बघणार.

आणि मी तर काल एक थेंब घेतलेला नव्हता.

चालत मुंब्र्याला नेलं, सायकली तिथे ठेवून पुढे पोलिसांच्या गाडीतून ठाण्याला आणलं. मधु सोबत आला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, मला ओळखत नव्हते. तोंडाचा वास घेतला, वेलदोडा होता. त्यांनी जमादारांकडे पाहिलं, जमादारांनी मान हलवली, वेलदोडा कशासाठी खातात ते सगळ्यांना माहीत आहे. रेघेवरून चालायला सांगितलं. गाडीने येताना सारा वेळ कानाशी भोंगा वाजत होता, मी धड उभाही राहू शकत नव्हतो. दोन पावलांत तोल गेला. मग म्हणाले, दोन्ही हात पुढे करा, बोटं ताणून.

केले.

मधुने खुर्चीवरून उठून सांगायला सुरुवात केली, “डॉक्टर, हा हात जानेवारीपासूनच...”

मी म्हटलं, “मधु, तू गप्प बस.”

इतक्या वर्षांत मी त्याच्याशी असा बोललो नव्हतो. तो बसला. डॉक्टर माझ्या बोटांकडे बघत होते. मीही बघत होतो. धोंडीबाची घंटी घरंगळत येत होती आणि बोटं तिच्याबरोबर हलत होती. हे हात शुद्धीवर आहेत, म्हणूनच असे आहेत, हे त्या खोलीत मला आणि मधुला ठाऊक होतं. डॉक्टरांनी लिहिलं: हातांना स्पष्ट कंप, चाल अस्थिर, मद्यप्राशन केलेलं आहे. त्यांनी चुकीचं लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही.

बाहेर आल्यावर मधुला विचारलं, तुला पहिल्या दिवसापासून कळत होतं?

तो म्हणाला, “कंपाउंडर आहे मी. वासावरून बाटली ओळखतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू रेघ काढलीस ना रे. सरळ.” एवढं म्हणून तो सायकल आणायला मुंब्र्याकडे चालू लागला.

मंगळवार, २४ मार्च

मंदाकिनीलाही माहीत होतं. आज सकाळी मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगायला लागलो तर ती तांदूळ निवडत म्हणाली, “आमच्या वसईला माडीच्या वासावर पोरं वाढतात. माडाची काय, ताडाची काय, वास एकच.” मी म्हटलं, तू मला थांबवलं नाहीस. नशाबंदीचा चिटणीस तुझा नवरा. ती म्हणाली, इतर रात्री तुम्ही झोपेत ओरडता. रविवारी ओरडत नव्हता. मी कोणत्या तोंडाने थांबवू?

सगळ्या गावाला माहीत होतं. भागीरथीने विश्वासाने मडकं धुतलं, कारण तिला वाटलं, शिकलेली माणसं असंच मागतात, सरळ थोडंच मागतात. गोमाजीने दोनदा सांगितलं. माझं मलाच माहीत नव्हतं. ताडी प्यायलो याचा धक्का बसायला हवा होता. बसलाही. पण आज सकाळपासून मला दुसराच बसतो आहे. फेब्रुवारीपासून मला जे बरं वाटत होतं ते नदीचं नव्हतं, मुरुमाचं नव्हतं, माझं तर नव्हतंच.

की थोडं नदीचंही होतं? मंदाकिनीला विचारलं. ती म्हणाली, ते तुम्हीच न पिता जाऊन बघा.

शनिवार, २८ मार्च

समितीचा राजीनामा दिला, त्यांनी मागायच्या आत. पाटी मात्र टेंभी नाक्यावर अजून आहे. शाळेने वार्षिक परीक्षेपर्यंत येऊ नका असं कळवलं. पुढचं खटल्याच्या निकालावर. मुख्याध्यापकांनी निरोप नुसता शिपायाकरवी धाडला नाही, स्वतः आले. म्हणाले, तुमच्या हाताचं मला दुसरंच वाटत होतं हो. मी म्हटलं, दुसरंच आहे. मग मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. नव्या शिपायाने शाळेची घंटा वाजवली ती इथपर्यंत ऐकू आली. धोंडीबा यापेक्षा जास्त वेळ वाजवायचा.

मधुने बातमी आणली. संघाच्या माणसांनी राईत जाऊन मडकी तपासली, सगळी चुन्याची. भागीरथीला समज दिली की केंद्रावर बाहेरच्या माणसाला मडक्यांना हात लावू देऊ नका. झाडं बाराच्या बारा राहिली.

रविवार, २९ मार्च

आज अंधारात उठलो. आंघोळ नाही, संध्या नाही, चहा नाही. मंदाकिनीने सायकलीला कंदील लावून दिला. धोंडीबाची घंटी ड्रॉवरमध्ये होती; ती मी काल हँडलला बसवली. मधुला कळवलं नव्हतं. कळव्याच्या पुलावर एक लॉरी आली. उतरलो, कठड्याला धरून उभा राहिलो, ती गेल्यावर पुन्हा बसलो. पुढे कोणी नव्हतं. मागेही नव्हतं.

बांधावर मुरूम दिसत नव्हता, ऐकू येत होता. हात थरथरतो तशी घंटी आपोआप किणकिणत होती, सबंध रस्ताभर. ओहोटी होती, चिखलाचा वास. डोंबिवलीच्या बाजूला आकाश जरा उजळलं तेव्हा राई दिसली. गोमाजी झाडावरून पहिलं मडकं उतरवत होता. वरूनच त्याने घंटी ऐकली असावी, कारण मी पोचायच्या आत भागीरथी बाहेर आली होती.

मी सायकल टेकवली. काय बोलावं ते ठरवून आलो होतो, ते सगळं विसरलो. तिने कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आज मडका धुवू, का तसाच देऊ?”

गोमाजी झाडावरच हसला. मी म्हटलं, तसंच दे.

तिने चुन्याच्या मडक्यातून पेला भरला. मी घ्यायला हात पुढे केला, तर पेला हातात हिंदकळायला लागला. तिने खालून आपला हात लावला आणि मी पिईपर्यंत धरून ठेवला.

नीरा गोड होती. नुसती गोड, थंड, खाली चुन्याची किंचित चव. नाकात काही झिणझिणलं नाही, छातीतून काही उठून गेलं नाही. हीच ती, जिच्यासाठी मी इतकी वर्षं भाषणं केली.

“कशी हाय?” भागीरथीने विचारलं.

चांगली आहे म्हणून सांगितलं. मला आवडली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाईन.